माझा बाप जिवंत आहे

"मोज," हाजी म्हणाला.

मी मोजायला लागले. आधी माझं नाव, मग बापाचं, मग त्याच्या बापाचं, मग त्याच्याही बापाचं. आमच्यात असंच असतं. सोमाली माणसाला आडनाव नसतं, म्हणून कुणी आडनाव विचारत नाही. आजे-पणजे मोजायला लावतात. मोजता मोजता तुम्ही कुठल्या कुळाचे, कुठल्या शाखेचे, तुमच्याशी सोयरीक होते की नाही, सगळं बाहेर पडतं.

हाजी लिबानच्या कुळातला वडीलधारा, घर लिबानच्या आत्याचं. फ्रँकफर्टच्या एका टोकाला, एस-बानच्या रुळांलगत. खरी रीत अशी की मुलाकडच्या मोठ्या माणसांनी मुलीच्या घरी मागणी घालायला जायचं. इथे मलाच बोलावून घेतलं होतं. आत्या फोनवर म्हणाली होती, "तुझं इथे आहे कोण? आम्ही कुणाकडे जायचं?" मी गेले. सकाळपासून खपून हलवा केला होता, तो ताटात घालून नेला. लिबानशी मला लग्न करायचं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. त्या माणसावर माझा जीव होता.

एका नावावर हाजीने हात वर केला.

"थांब. हे नाव परत सांग."

मी सांगितलं.

"त्याला मुलगा नव्हता," हाजी म्हणाला. "तो माझ्या पणज्याचा भाऊ. त्याला नुसत्या मुली झाल्या. तू त्याच्यातून आलीस कशी?"

सोफ्यावर कुणीतरी हसलं. हाजी पुढे झुकला. "आता खरं सांग. तुझा बाप कुणाचा?"

मी खरं सांगितलं. आमच्या लोकांचं नाव घेतलं. गबोये. चामडं कमावणारे, जोडे शिवणारे, लोखंड ठोकणारे, इतरांची पोरं झाली की त्यांची सुंता करणारे. ज्यांच्या घरात कुणी मुलगी देत नाही आणि ज्यांच्या घरातली करत नाही.

आत्या उठली. माझ्या हलव्याला अजून कुणी हात लावला नव्हता. तिने ते ताट उचललं आणि दाराजवळ, जिथे सगळ्यांचे बूट काढून ठेवले होते, तिथे माझ्या बुटांशेजारी नेऊन ठेवलं.

"जाताना घेऊन जा," ती म्हणाली.

लिबान समोरच बसला होता. त्याला मी हे सगळं पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. तेव्हा म्हणाला होता, मला काही फरक पडत नाही. आता तो मोबाइलमध्ये बघत होता.

हाजी माझ्यापेक्षा वयाने खूप मोठा आहे. तरी मी त्याला अहोजाहो करणार नाही. तो मान त्याने त्या दिवशी स्वतःच घालवला.

मी सोमाली आहे आणि मराठीत लिहितेय, कारण मला भांडायला हीच भाषा येते. युद्धातून पळून बापाने मला पुण्यात आणलं तेव्हा मी इतकी लहान होते की काही आठवत नाही. आई आधीच तापाने गेली होती. कोंढव्यात एका खोलीत आम्ही राहिलो. महापालिकेच्या मराठी शाळेत गेले. पोरं काळी म्हणायची, हबशी म्हणायची, मी त्यांच्या आईबापांचा उद्धार करायचे. शिव्या मराठीत शिकले, बाराखडी नंतर. बाप मशिदीत लहान पोरांना कुराण शिकवायचा. आमच्यात बाप लेकीला आणि लेक बापाला एकाच शब्दाने हाक मारतात. आबो. दिवसभर आमच्या खोलीत दोघांचं आबो, आबो चालायचं.

आबोने मला पूर्वजांच्या दोन माळा पाठ करून घेतल्या होत्या. एक खरी. ती दार लावून म्हणायची. दुसरी बाहेरची, एका मोठ्या कुळाची. युद्धात रस्त्यारस्त्यावर बंदूकवाली पोरं उभी असायची आणि प्रत्येकाला पूर्वज मोजायला लावायची. चुकीच्या कुळाचा निघाला तर तिथेच संपवायची. आमच्या बाजूने तर कुणाचीच बंदूक नव्हती. एका नाक्यावर आबोने घाईघाईत ऐकीव नावं जुळवली आणि म्हणून दाखवली. त्या पोरांना स्वतःचेच पणजे धड माहीत नव्हते. सोडलं. तेव्हापासून आबोच्या दृष्टीने त्या नावांनी आम्हाला वाचवलं. लिबानच्या घरी जायच्या आधी मी फोन केला तेव्हाही म्हणाला, "तीच नावं सांग, आबो. देवाने त्यांच्यात बरकत ठेवली आहे."

नाक्यावर चाललेली नावं फ्रँकफर्टच्या सोफ्यावर पकडली गेली.

पुण्यात नर्सिंग केलं, जर्मन शिकले, कागदांच्या मागे धावण्यात उमेदीची वर्षं गेली आणि शेवटी इथल्या एका हॉस्पिटलात लागले. मला वाटलं होतं, इथे तरी मोजायला लावणार नाहीत. मागे आमच्या वॉर्डात एक मराठी बाई होत्या, मुलाकडे पुण्याहून आलेल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी मराठीत "दुखतंय का हो काकू?" म्हटल्यावर त्यांना रडूच फुटलं. मुलाला म्हणाल्या, "अहो बघ तरी, किती शुद्ध बोलते." मुलाला अहो म्हणाल्या, इतक्या गोंधळल्या होत्या. मग दोन दिवसांनी सावरल्या आणि विचारलंच, "तुमच्यात आडनाव काय लावतात गं?" मी म्हटलं, आमच्यात नसतं. त्यांचा हिरमोड झाला. थोड्या वेळाने आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण तुमच्यातही असतं ना वरचं-खालचं?" म्हटलं, असतं की. बाईंना फार बरं वाटलं. आपण एकटेच नाही याचं समाधान चेहऱ्यावर दिसत होतं. मी त्यांची उशी नीट केली आणि पुढच्या खोलीत गेले.

आता या हाजीविषयी. फ्रँकफर्टच्या सोमाली लोकांत त्याला फार मान आहे. परदेशी लोकांना हाकला म्हणणाऱ्यांविरुद्ध शहरात मोर्चा निघाला तेव्हा तो पुढे होता. मीही गेले होते, ड्यूटी संपवून, पाय दुखत असताना. माइकवरून मोडक्या जर्मनमध्ये ओरडला, "मेन्श इस्ट मेन्श." माणूस तो माणूस. जर्मन बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, अगदी मनापासून.

हाच माणूस आठवड्याच्या बैठकीत मायदेशाचं राजकारण सांगतो. आमच्या देशात संसदेच्या जागा कशा वाटतात, ते मराठी वाचकाला सांगितलं तर खोटं वाटेल. चार मोठ्या कुळांना एकेक पूर्ण हिस्सा. उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. आम्ही त्या अर्ध्यात. अर्ध्यातही इतर पुष्कळ आहेत, म्हणजे आमच्या वाट्याला त्या अर्ध्याचा तुकडा. हाजी म्हणतो, ही तात्पुरती सोय आहे, शांततेसाठी. माझ्या जन्मापासूनची बरीचशी वर्षं ही तात्पुरती सोय चालू आहे. त्याच्या नातवंडांना सोमाली धड बोलता येत नाही, काही विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देतात. पण पूर्वजांची नावं मात्र घडाघडा म्हणतात. तेवढं त्याने शिकवलंय.

आणि आम्ही खालचे का? तर म्हणे कुठल्याशा दुष्काळात आमच्या पूर्वजाने मेलेल्या जनावराचं मांस खाल्लं. बाकीचे उपाशी राहिले म्हणे, पण त्यांनी खाल्लं नाही. पुण्यात आमच्या शेजारच्या शोभामावशीला मी लहानपणी ही गोष्ट सांगितली होती. मावशी भांडी घासत होती. म्हणाली, "तिकडंबी हेच का गं?" आणि घासत राहिली.

धर्माचं म्हणाल, तर धर्मात यातलं काही नाही. आबोने मला कुराण शिकवलं ते तसंच. माणसामाणसात फरक करायचाच तर कोण देवाला किती भितो यावर करा, बाकी कशावर नाही. हाजीलाही हे पाठ आहे. शुक्रवारी तो आमच्यातल्या कुणाच्याही खांद्याला खांदा लावून उभा राहतो. तिथे त्याचं काही बिघडत नाही. सोयरीक म्हटली की बिघडतं. मी त्याला विचारलंही होतं त्या दिवशी, बूट घालता घालता. "अदेर," म्हटलं, म्हणजे काका, "हे कुराणात कुठे आहे?" तो म्हणाला, "पोरी, हा धर्माचा प्रश्न नाही. हा लोकांचा प्रश्न आहे."

हलव्याचं ताट मी तिथेच ठेवून आले. नेणार नव्हते.

काही दिवसांनी लिबान भेटायला आला. विमानतळावर सामानाच्या विभागात काम करतो, तिथून थेट आलेला, अंगावर कामाचंच जाकीट. आम्ही माइन नदीच्या काठाने चालत होतो. तो खुशीत होता.

"हाजीकाका तयार आहेत," तो म्हणाला. "ते म्हणतात, झालं ते त्या खोलीतच राहील. तू आमच्याच घराण्याची, असं ते सगळ्यांना सांगतील. तुझे चुलते म्हणून वली तेच उभे राहतील."

वली म्हणजे मुलीच्या बाजूने निकाह लावून देणारा. बाप असेल तर बापच. बाप जवळ नसेल तर तो आपल्या वतीने कुणाला तरी नेमतो.

"आणि आबो?"

"आबोंनी यायचं नाही. त्या दिवशी फोनही नको. मग कुणी काही विचारणारच नाही."

"आणि पोरं झाली की?"

"पोरं तर माझ्याकडूनच मोजणार," तो म्हणाला. माझा हात हातात घेतला. "डाग तिथेच संपतो."

डाग म्हणाला तो. आणि प्रेमाने म्हणाला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही, हेच मला जास्त लागलं. मी हात सोडवून घेतला नाही. घ्यायला हवा होता की नको, तेही तेव्हा कळत नव्हतं.

घरी येऊन आबोला फोन लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडेल. एकदा तरी चिडेल. तो म्हणाला, "हो म्हण, आबो. चांगला मुलगा आहे. मी असा किती दिवस पुरणार? मी त्या दिवशी फोन बंदच ठेवतो." मग विचारलं, तिकडे थंडी किती आहे, आणि मोजे पुरेसे आहेत का. मी फोन ठेवला आणि भिंतीवर हात आपटला. माझ्या बापाला स्वतःचं नाव लपवायची इतकी सवय झाली होती की लेकीच्या लग्नात नसणं त्याला साधी गोष्ट वाटत होती. त्याचा राग आला. त्याला असं करून ठेवणाऱ्यांचा त्याहून जास्त आला.

मी कुणालाच काही बोलले नाही. ना हो, ना नाही. आणि आमच्यात कुमारी मुलगी गप्प राहिली की ती होकार समजतात. लाजते, म्हणून बोलत नाही, असं धरतात. आत्याने माझं गप्प राहणं तसंच धरलं आणि दिवस ठरवून टाकला. खरं सांगते, मीही वाट बघत होते. वाटत होतं, लिबान शेवटच्या क्षणी तरी काहीतरी बोलेल.

निकाह आत्याच्याच घरी. बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेर, मधलं दार अर्धवट उघडं. माझ्या हातांवर मेंदी होती. आत्याने स्वतः काढली होती. मेंदी काढताना तिने माझे हात धरले, तेव्हा तिला काही झालं नाही. आता मी तिच्या घराण्याची होते.

निकाह पढवायला माइन्झहून एक तरुण शेख, म्हणजे मौलवी, आला होता. जर्मनीतच वाढलेला, अरबी चांगली, सोमाली जेमतेम. त्याने सगळं नियमाने विचारायला सुरुवात केली. मेहर ठरली का, साक्षीदार कोण. मग विचारलं, "वली कोण?"

"मी," हाजी म्हणाला. "मुलीचा चुलता."

"वडील?"

"अल्लाह त्याच्यावर दया करो," हाजी म्हणाला. "वारला."

"आमीन," बाहेरून पुरुष म्हणाले. "आमीन," आत माझ्याभोवतीच्या बायका म्हणाल्या. आत्याही म्हणाली. ती माझ्याकडे बघतही नव्हती, माझ्या डोक्यावरची ओढणी सारखी करत होती.

माझ्या बापाला त्यांनी मारून टाकलं होतं. सोयीसाठी. बंदूकवाल्या पोरांना जे जमलं नाही ते यांनी सोफ्यावर बसून केलं, आणि वर दुवा मागितली.

मी उठले. आत्याने हात धरला, तो झटकला. दार ढकलून पुरुषांच्या खोलीत गेले.

"माझा बाप जिवंत आहे," मी सोमालीत म्हटलं. शेखला नीट कळावं म्हणून परत जर्मनमध्ये म्हटलं. "पुण्यात आहे. आत्ता तिथे असरच्या नमाजाची वेळ झाली असेल. मी फोन लावते."

हाजी म्हणाला, "बस खाली. मुलगी घाबरली आहे."

मी व्हिडिओ कॉल लावला. आबोने फोन बंद ठेवतो म्हटलं होतं, पण ठेवला नव्हता. लेकीचं लग्न होतं. फोन हातात घेऊनच बसला असणार, कारण पहिल्या घंटीला उचलला. घरातच होता, पण इस्त्रीचा सदरा आणि टोपी घातली होती. मी मोबाइल त्या सगळ्यांकडे फिरवला.

"आबो," मी म्हटलं, "यांना तुझं नाव सांग. तुझ्या बापाचंही सांग."

आबोने त्या माणसांकडे बघितलं. हाजीकडे बघितलं. त्याचे ओठ हलले. आणि त्याने फोन कापला.

हाजीने एक श्वास सोडला. जिंकल्यासारखा मागे टेकला.

मग मीच मोजलं. माझं नाव, माझ्या बापाचं नाव, आणि तिथून पुढे ती खरी माळ, जी मी आयुष्यभर दार लावून म्हटली होती. चामडं कमावणारा आजा. जोडे शिवणारा पणजा. त्याचा लोहार बाप. प्रत्येकाचं नाव आणि त्याचं काम. मध्ये कुणी "पुरे" म्हणालं, कुणी "लाज आहे का" म्हणालं. मी थांबले नाही. माझा आवाज मोठा होता, आणि खालच्या मजल्यावरच्या जर्मन म्हातारीने काठीने छत ठोकलं तरी मी थांबले नाही.

शेखने समोरची फाइल मिटली. "वडील हयात आहेत. त्यांची परवानगी नाही. हा निकाह मी पढवू शकत नाही."

"तू लहान आहेस," हाजी त्याला म्हणाला. "तुला कुळांचं कळत नाही."

"कुळांचं नाही कळत," शेख म्हणाला. "निकाहाचं कळतं." आणि कोट घालायला लागला. तो माझ्या बाजूने बोलला असं मी म्हणणार नाही. नियम होता, त्याने तो सांगितला. बाप खरंच वारला असता तर त्याने तेच लग्न हसत लावून दिलं असतं.

मी लिबानकडे वळले. पांढरे कपडे, नवी टोपी, खाली घातलेली मान.

"लिबान, ऊठ," मी म्हटलं. "इथून पुण्याला जाऊ. आबोसमोर बसू. ऊठ."

तो उठला नाही. हाजीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. नुसता ठेवला होता, दाबलाही नव्हता.

आत्या दारात उभी होती. म्हणाली, "तुझ्या जातीवर गेलीस." मी म्हटलं, "हो." आणि बाहेर पडले. मेंदी लावलेले हात घेऊन एस-बानमध्ये बसले तेव्हा समोरची एक मुलगी कौतुकाने हात बघत होती. "श्योन," म्हणाली. सुंदर आहे. मी स्टेशन येईपर्यंत रडले.

आबो बरेच दिवस फोन उचलत नव्हता. मग एकदा त्याचाच आला. मोजे पुरतात का, वगैरे काही विचारलं नाही. म्हणाला, "मला तोंड उघडता आलं नाही, आबो." मी म्हटलं, मला माहीत आहे. त्याला मी माफ केलं का, असं मला विचारू नका. ज्याच्यावर जन्मभर पाय देऊन उभे राहिलात त्याला आवाज का निघत नाही, हे पाय देणाऱ्यांना विचारा.

मशीद मी सोडलेली नाही. मला वाटेत अडवून दोघीतिघींनी सांगितलं, तू काही दिवस येऊ नकोस, लोक बोलतात. मी दर शुक्रवारी जाते, सुट्टी असो नसो, ड्यूटी बदलून घेते, आणि बायकांच्या पुढच्या ओळीत उभी राहते. बायका सरकतात, मी सरकत नाही. धर्म काही हाजीच्या बापाचा नाही. बैठकीलाही जाते. कुळांच्या हिशेबाने समितीवर माणसं नेमायची गोष्ट निघाली की हात वर करते आणि म्हणते, आमच्यातलं कोण? अर्धं नको, पूर्ण सांगा. मग चहाची सुट्टी होते. सुट्टीनंतर परत हात वर करते.

मागच्या महिन्यात लिबानचा मेसेज आला. लांबलचक. झोप लागत नाही, चूक झाली, वगैरे. शेवटी मुद्द्यावर आला होता. आपण स्टांडेसआम्टमध्ये, लग्न नोंदवायच्या सरकारी कचेरीत, लग्न करू, गुपचूप. तिथे सरकारी बाई फक्त पासपोर्ट बघते. कूळ विचारत नाहीत, वली लागत नाही, हाजीला कळणारही नाही.

मी दिवसभर उत्तर दिलं नाही. त्याच्यावर जीव अजून आहे, तो असा एका दुपारी जात नाही. मग कॅन्टीनमध्ये बसून मराठीत लिहिलं आणि ते सोमालीत करून पाठवलं:

जिथे विचारत नाहीत तिथे मला लग्न करायचं नाही. जिथे विचारतात तिथेच करायचं. त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर, हाजी समोर बसलेला असताना. वली माझा बाप, आणि त्याचं नाव तू घ्यायचंस, मी नाही. मोठ्याने. त्याच्या बापाचंही. नाही जमत, तर मला परत लिहू नकोस.